जुनी गाडी उभ्या जागी थरथरतेय? गॅरेजला न्यायच्या आधी काय काय बघायचं

सातारा, कोरेगाव, वाई, कराड या पट्ट्यात अजून जुन्या पेट्रोल गाड्या ढिगानं फिरतात. मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर, सँट्रो. ८०० तर १९८३ ला आली आणि २०१४ ला बनायची बंद झाली, तरी पार्ट अजून मिळतात, मिस्त्री लोकांचा हात बसलेला आहे, त्यामुळं पहिली गाडी म्हणून पोरं आजही तीच घेतात. आणि घेतल्यावर महिन्याभरात तक्रार ठरलेली, पोवई नाक्यावर ट्रॅफिकमध्ये थांबलं की स्टिअरिंग थरथरतंय, आरशात मागचं काय दिसत नाही, एसी लावला की गाडी बंदच पडतेय.

उपाय पण ठरलेला असतो. कुणीतरी बॉनेट उघडतं, डिसमिसनं आयडलिंगचा, म्हणजे उभ्या जागी इंजिनचा वेग ठरवणारा स्क्रू अर्धा आटा फिरवतं, रेस वाढते, थरथर कमी झाल्यासारखी वाटते आणि सगळे खूश. पण दुखणं तिथंच असतं, फक्त वरनं झाकलेलं. पेट्रोल जास्त जातं, आणि यवतेश्वरचा घाट उतरताना पाय काढला तरी गाडी म्हणावी तशी दबत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे, त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी कारण शोधायचं, आणि ते शोधायला बहुतेक वेळा महागडं काही लागत नाही. एक प्लग पाना, एक पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्या), पाण्याचा स्प्रे, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि वही एवढ्यावर बरंच काम होतं.

आधी नॉर्मल काय ते समजून घ्या

८०० आणि ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं. तीन सिलेंडरचं इंजिन उभ्या जागी थोडं हलणारच, ती त्याची जातच आहे. झेन, एस्टीम, सँट्रो, १०६१ सीसीची जुनी वॅगन आर या चार सिलेंडरच्या, त्या जास्त शांत चालतात. त्यामुळं आधी शेजाऱ्याकडं सँट्रो होती आणि आता तुम्ही ८०० घेतली असेल तर थोडी थरथर बघून घाबरू नका. शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलची दुसरी चांगली गाडी दोन मिनिटं चालू करून तिच्यात बसून बघा, ही सगळ्यात खरी मोजपट्टी.

गरम इंजिनचं आयडलिंग या गाड्यांत साधारण ८०० ते ९०० आरपीएम असतंय. बऱ्याच ८०० ना आरपीएम मीटर नसतोच, तिथं कानावरच काम. आता एक हिशोब बघा, ८५० आरपीएमला प्रत्येक सिलेंडर मिनिटाला सव्वाचारशे वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सात वेळा. एखादा सिलेंडर पूर्ण झोपला असेल तर सेकंदाला सात धक्के एकसारखे, ठरलेल्या तालात बसतात आणि गाडी सलग थरथरते. आणि मधेच एकदा गचका, मग दहा सेकंद शांत, मग परत गचका असं असेल तर सिलेंडर झोपलेला नाही, तो अधूनमधून मिस मारतोय. तिसरा प्रकार म्हणजे रेस आपली आपण वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते, त्यात बहुतेक वेळा हवेची गळती नाहीतर आयडलिंगच्या व्हॉल्व्हची भानगड असते. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर निम्मं काम झालं.

आणि चौथा प्रकार, ज्यात इंजिनचा काही दोषच नसतो. आवाज एकदम सरळ, मीटर असेल तर काटा एका जागी स्थिर, पण बॉडी थरथरतेय. हे इंजिन फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर बसल्याचं लक्षण. बॉनेट उघडून एकाला बाजूनं बघायला सांगा, हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू सोडून इंजिनवर किंचित लोड आणा आणि लगेच परत दाबा, मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन उडी मारल्यासारखं तिरकं होत असेल तर फाउंडेशन गेलं. बघणाऱ्यानं गाडीच्या पुढं किंवा मागं उभं राहायचं नाही, कडेला उभं राहायचं.

थरथर कधी होतेय ते लिहून काढा

हे लोकांना फालतू वाटतं पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वहीत नाहीतर मोबाईलवर लिहा, सकाळी थंड असताना होते का गरम झाल्यावर, एसी लावल्यावरच का, हेडलाइट लावल्यावर का, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर का, पेट्रोल भरल्यावर सुरू झालं का, कुठलं काम करून आणल्यावर सुरू झालं का. फक्त थंड असताना आणि पाच मिनिटात जात असेल तर चोक, नाहीतर टेम्परेचर सेन्सर, नाहीतर हवेची बारीक गळती जी गरम झाल्यावर बुजते. फक्त गरम झाल्यावर होत असेल तर कॉइल गरम होऊन दगा देतेय किंवा टॅपेट (व्हॉल्व्हच्या डोक्यावर ठेवायची बारीक फट) टाइट आहेत. पावसाचा संबंध असेल तर सरळ हाय टेन्शन वायरी (प्लगला करंट नेणाऱ्या जाड वायरी) आणि डिस्ट्रिब्युटर कॅप (जिथनं त्या वायरी निघतात ते झाकण). टायमिंग बेल्ट बदलून आणल्यापासून होत असेल तर बेल्ट एखादा दात इकडं तिकडं बसलाय का ते आधी तपासून घ्यायचं, बाकी काही खोलत बसायचं नाही.

अजून एक, जागेवरच रेस दीड-दोन हजारावर धरून बघा. आयडलिंगला घाण चालणारी गाडी रेस दिल्यावर एकदम गुळगुळीत होत असेल तर शक्यता हवेची गळती किंवा आयडलिंगच्या सर्किटची जास्त. रेस दिली तरी मिस तसाच ऐकू येत असेल तर स्पार्क नाहीतर कॉम्प्रेशनकडं, म्हणजे सिलेंडरमधल्या दाबाकडं बघा.

हात घालायच्या आधी

गाडी मोकळ्या जागेत, बंद शेडमध्ये नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरनं कळत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाला दगड. ओढणी, सैल बाही, गळ्यातला दोरा बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो गरम इंजिनवर आपला आपण सुरू होतो, त्यात बोटं घालू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर विडी, सिगारेट आणि स्पार्क टेस्ट, तिन्ही बंद. आधी ती गळती.

सायलेन्सर आणि पीयूसीची चिठ्ठी

मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटं अंतरावर कागद धरा. चांगल्या गाडीत कागद एकसारखा बाहेर फडफडतो. ठरलेल्या तालात मधेच धक्का चुकत असेल तर एक सिलेंडर काम करत नाही, आणि कागद मधूनच आत ओढला जात असेल तर व्हॉल्व्ह जळल्याची शंका घ्यायची, ते लिहून ठेवा, पुढं कॉम्प्रेशनला उपयोगी पडेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही येत राहिला, गोडसर वास आला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. थंडीत सकाळी सायलेन्सरमधनं पाणी टपकतं ते नॉर्मल आहे, त्याचं टेन्शन नको.

आता ज्या गोष्टीकडं कुणी बघत नाही ती. पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलिंगलाच करतात आणि त्या चिठ्ठीवर दोन आकडे छापलेले असतात, कार्बन मोनॉक्साइड टक्क्यात आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. म्हणजे तुमच्या आयडलिंगचा रिपोर्ट डॅशबोर्डच्या खणात पडलेला आहे! कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिक्स्चर रिच, पेट्रोल जास्त जातंय, मग चोक अडकलाय का, एअर फिल्टर भरलाय का, फ्लोट लेव्हल, सेन्सर हे बघायचं. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन चढलेलं म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, एक तर स्पार्क मिस होतोय नाहीतर हवा जास्त जाऊन मिक्स्चर इतकं पातळ झालंय की पेटतच नाही. दोन्ही आकडे गेल्या वेळेसारखेच आणि कमी, तरी गाडी थरथरतेय, तर फाउंडेशनकडं परत एकदा बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) असलेल्या गाडीत आकडे थोडे झाकले जातात, तिथं एका चिठ्ठीवर जाऊ नका, मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. थरथर सुरू झाल्यावर मुद्दाम एक पीयूसी काढली तरी चालतंय, एवढ्या स्वस्तात दुसरी कुठली टेस्ट होत नाही.

कुठला सिलेंडर झोपलाय ते शोधणे

सलग तालात धक्के असतील तर ही टेस्ट. तत्त्व सोपं आहे, एकेक सिलेंडर मुद्दाम बंद करायचा आणि फरक ऐकायचा. चालणारा सिलेंडर बंद केला की इंजिन अजून खाली बसतं, अजून घाण चालतं. ज्याला बंद करून काहीच फरक पडत नाही तो आधीच झोपलेला आहे.

एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचं, एका वेळी एक. त्यानं त्या सिलेंडरचं पेट्रोलच बंद होतं, कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात नाही. चेक इंजिन लाइट लागेल, घाबरू नका, कनेक्टर परत लावल्यावर काही वेळानं जातो नाहीतर स्कॅनरनं घालवता येतो. कनेक्टरचं लॉक जुनं प्लास्टिक असतंय, खेचू नका, दाबून काढा.

कार्बोरेटर गाडीत प्लगची वायर काढायची, पण चालू इंजिनवर हातानं नाही. सणसणीत झटका बसतो. गाडी बंद करा, एक वायर काढा, त्या वायरीत एक जुना प्लग बसवा, तो प्लग इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकेल असा वायरनं बांधा, कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या पाईपपासून लांब, मग गाडी चालू करून ऐका. वायर नुसती लोंबकळत ठेवली तर करंट जायला वाट मिळत नाही आणि कॉइल किंवा इग्निटर जाऊ शकतो. वायरींवर आधीच १, २, ३ असे नंबर टाकून ठेवा, नाहीतर परत लावताना गोंधळ होणार आणि गाडी फटाके मारणार.

समजा दोन नंबरचा सिलेंडर झोपलेला निघाला. आता लगेच दुकानात जाऊन प्लग, वायर, कॉइल, कॅप सगळं घेऊन यायचं नाही. दोनचा प्लग तीनमध्ये घाला, तीनचा दोनमध्ये, आणि परत टेस्ट करा. मिस तीनवर गेला तर प्लग खराब. नाही गेला तर वायरींची अशीच अदलाबदल, दोन्ही टोकांकडनं पूर्ण वायर काढून, लांबी पुरत असेल तर. मग इंजेक्टर. म्हणजे जो पार्ट हलवल्यावर आजार त्याच्याबरोबर हलतो तोच खराब, बाकीच्यांना पैसे घालायचे नाहीत. सगळं हलवून पण मिस दोनवरच राहिला तर दोष त्या सिलेंडरच्या आतच आहे, कॉम्प्रेशन टेस्टकडं जा. डिस्ट्रिब्युटर नसलेल्या काही चार सिलेंडर गाड्यांत एका कॉइलवर दोन सिलेंडर असतात, तिथं एक आणि चार असे जोडीनं झोपलेले दिसले तर संशय सरळ त्या कॉइलवर.

प्लग काढायच्या आधी खड्ड्यात हवा मारून घ्या, नाहीतर वर्षानुवर्षं साठलेली माती आणि खडे सरळ सिलेंडरमध्ये पडतात. हे काम इंजिन गार झाल्यावरच, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतंय आणि गरम असताना आटे खराब होतात. बाहेर आल्यावर प्लग उन्हात धरून बघा. टोक फिकट तपकिरी, विटकरीकडं झुकणारं म्हणजे छान. कोरडी काजळी म्हणजे मिक्स्चर रिच, ओलं काळं तेलकट म्हणजे ऑइल येतंय, पेट्रोलनं ओला म्हणजे स्पार्कच पडत नाही, एकदम पांढरा म्हणजे हवा जास्त. आणि वरची पांढरी चिनीमाती नीट फिरवून बघा, तिच्यावर उभी, केसाएवढी बारीक काळी रेघ असेल तर करंट टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरनं बाहेरनंच पळतोय. अशी रेघ घासून जात नाही, प्लग बदला, आणि त्याच वायरीच्या रबरी टोपीच्या आत पण तशीच रेघ असते, तीही बदला, नाहीतर नवीन प्लग पंधरा दिवसात तसाच होईल.

गॅप मॅन्युअलप्रमाणं, जुन्या-नव्या गाड्यांत ०.७ पासून १.१ मिलीमीटरपर्यंत वेगवेगळा असतो, त्यामुळं अंदाजानं ठोकू नका, फिलर गेज लावा. बसवताना आधी नुसत्या हातानं फिरवून खालपर्यंत न्या, मग पान्यानं, नवीन प्लग वॉशरवाला असेल तर साधारण अर्धा आटा. जोर काढू नका.

पावसाळा, वायरी आणि उंदीर

आपल्याकडं जून ते सप्टेंबर जे काही होतं त्यातलं निम्मं वायरींमुळं असतंय असं माझं मत आहे. कासकडं, ठोसेघरकडं गाडी नेली, धुक्यात दोन तास उभी राहिली, परत चालू केली की थरथर सुरू. रात्री अंधारात गाडी चालू ठेवा, बॉनेट उघडा, अंगणातला लाइट बंद करा आणि साध्या पाण्याचा बारीक फवारा वायरींवर आणि कॅपच्या बाहेरनं मारा. धार नाही, धुकं पडल्यासारखा फवारा. वायर फुटकी असेल तर तिथनं निळ्या ठिणग्या लोखंडावर उडताना स्पष्ट दिसतात, चटचट आवाज येतो आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. हात लांब.

डिस्ट्रिब्युटर कॅप काढून आतनं बघा. पितळी टोकांवर हिरवा-पांढरा थर आला असेल तर पॉलिश पेपरनं हलक्या हातानं काढता येतो, पण टोकं खूप झिजली असतील तर कॅप आणि रोटर दोन्ही बदला. मधोमध एक छोटी कार्बनची कांडी स्प्रिंगवर असते, ती दाबून सोडल्यावर परत वर आली पाहिजे, अडकली किंवा तुटली की मिस. दोन टोकांच्या मधे बारीक तडा किंवा काळी रेघ असेल तर कॅप गेली. अगदी जुन्या पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करून स्पार्क पाडणारे पॉइंट असलेल्या) गाड्यांत पॉइंटचा गॅप बऱ्याच मॉडेलना ०.४ ते ०.५ मिलीमीटर असतो, पॉइंट जळके असतील तर घासत बसण्यापेक्षा कंडेन्सरसकट बदला.

उंदरांचं वेगळं सांगायला नको. ऊसतोड सुरू झाली की शेतातनं बाहेर पडलेले उंदीर उबेला इंजिनवर येऊन बसतात, एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, पाचट भरून ठेवतात आणि वायरी कुरतडतात. फिल्टरचा डबा उघडून बघाच. इंजेक्टरकडं, सेन्सरकडं जाणाऱ्या वायरी बोटानं पूर्ण लांबी चाचपा, कुरतडलेली जागा बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते, वरनं दिसत नाही.

हवा कुठनं ओढतंय

कार्बोरेटर किंवा थ्रॉटलच्या पुढं, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूला, कुठंही भोक पडलं की मोजमापाबाहेरची हवा आत जाते. रेस दिल्यावर ती हवा एकूण हवेच्या मानानं किरकोळ ठरते म्हणून गाडी बरी चालते, आयडलिंगला मात्र तीच भारी पडते. जुन्या गाडीतलं रबर कडक होऊन टोकांशी चिरतं. ब्रेक बूस्टरचा जाड पाईप, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढणारा) पाईप, कार्बोरेटरखालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचे नट, सगळे बारीक नळीचे पाईप आणि त्यांच्या टोप्या. कान लावला तर फुस्स आवाज येतो.

पाण्याचा स्प्रे घ्या, जिथं शंका आहे त्या जोडावर थोडं पाणी मारा, वायरी वाचवून. पाणी भोक तात्पुरतं बुजवतं आणि इंजिनचा आवाज त्या क्षणी बदलतो. बरेच जण इथं कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात, ते गरम सायलेन्सरवर पडून पेट घेऊ शकतं, नवीन माणसानं ते करूच नये. पाईपचा संशय असेल तर पक्कडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून तो पाईप हलकेच चिमटा, आवाज सुधारला तर गळती त्याच रस्त्यावर. ब्रेक पॅडल दाबून धरल्यावर आयडलिंग बदलून तसंच राहत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय, आणि तो नुसता थरथरीचा प्रश्न नाही, ब्रेकचा आहे, त्याच दिवशी दाखवा.

कुणाकडं व्हॅक्यूम गेज (इंजिन आत किती जोरात ओढतंय ते मोजणारं) असेल तर एक लक्षात ठेवा. चांगल्या इंजिनला आयडलिंगला १८ ते २१ इंच दाखवलं पाहिजे असं सगळीकडं सांगतात ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतं. सातारा सुमारे २४०० फुटावर आहे, म्हणजे इथं सव्वादोन-अडीच इंच कमी येणं नॉर्मल, आणि महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटाच्या आसपास, अजून कमी. आकड्यापेक्षा काटा बघा, स्थिर असेल तर ठीक, एका तालात खाली टपकत असेल तर व्हॉल्व्ह किंवा एक सिलेंडर.

कार्बोरेटरवाल्या गाड्या

उंचीचा परिणाम इथं खरा जाणवतो. कार्बोरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो. त्यामुळं रत्नागिरी, मुंबईकडनं घेतलेली कार्बोरेटरवाली गाडी साताऱ्यात थोडी रिच चालणार, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून वर गेली की अजून. एमपीएफआयला ही अडचण नाही, सेन्सर हवेचा दाब बघून पेट्रोल कमी करतो.

आधी चोक पूर्ण उघडतोय का ते डोळ्यानं बघा. मग आयडलिंगची सोलेनॉइड (करंटवर उघडणारी छोटी झडप) असेल तर चावी ऑन केल्यावर टक् आवाज येतो का ते ऐका, आवाज नाही म्हणजे वायर किंवा सोलेनॉइड गेली, आणि मग गाडी रेस सोडली की बंदच पडते. आयडल जेट अगदी बारीक भोकाचं असतंय, पेट्रोलमधला कचरा तिथं पहिला अडकतो, त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवाच.

हे सगळं झाल्यावर सेटिंग. इंजिन पूर्ण गरम, एसी-लाइट बंद, पंखा फिरत नसताना. मिक्स्चर स्क्रू आधी हलकेच पूर्ण बंद करून किती आटे होता ते मोजून वहीत लिहा, आणि घट्ट आवळू नका, सुईचं टोक चेपलं की तो स्क्रू कायमचा गेला. परत तेवढाच उघडा, मग पाव-पाव आटा फिरवत जिथं इंजिन सगळ्यात जोरात आणि सरळ चालतं तिथं ठेवा. आता स्पीडचा स्क्रू, आयडलिंग ८०० ते ९०० वर आणा. याच्यासाठीच तो दिलेला आहे.

एमपीएफआयवाल्या

थ्रॉटल बॉडी (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणारा पडदा असलेला भाग) उघडून बघा, पडद्याच्या कडेला काळा चिकट थर साठतो आणि आयडलिंगला लागणारी थोडीशी हवा अडते. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड, तारेचा ब्रश नाही. आयडलिंगचा व्हॉल्व्ह वेगळा निघत असेल तर तोही साफ करा. काही गाड्या यानंतर थोडा वेळ रेस जास्त धरतात, एक-दोन दिवस चालवल्यावर जागेवर येतात. थ्रॉटलच्या स्टॉपरचा रंग लावलेला स्क्रू फिरवू नका, कंपनीनं तो सेट करून दिलेला असतो, त्याचा गोंधळ झाला की सेन्सरची गणितं चुकतात.

ब्लूटूथचे छोटे स्कॅनर चांगले आहेत पण २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी ते बोलत नाहीत, जुन्या गाडीला गॅरेजचा स्कॅनर लागतो. कोड मिळाला तर पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरचा मिस, ०३०२ दुसऱ्याचा, ०३०० म्हणजे कुठलाही, पी ०१७१ म्हणजे मिक्स्चर पातळ, तिथं हवेची गळती आधी बघा. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तोच बदलायचा असं नसतं. चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका.

आणि अर्थिंग. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड वायर, तिचं टोक खोलून, घासून, परत आवळा. बॅटरी बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा दाखवली पाहिजे. हेडलाइट लावल्यावरच थरथर वाढते अशी तक्रार असेल तर आधी हेच करा.

पेट्रोल

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत जुनं पेट्रोल असेल तर ते काढून टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतंय, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांत ते तयार होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाईप, गॅस्केट त्यासाठी बनवलेले नाहीत. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यानं मिक्स्चर थोडं पातळ होतं, कार्बोरेटर ते स्वतः सुधारत नाही. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोलचे पाईप हातानं दाबून बघा, फुगलेले, चिकट किंवा चिरलेले असतील तर इथेनॉल चालणारे नवीन टाका आणि फ्युएल फिल्टर बदला. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, टाकीतल्या रिकाम्या जागेत ओलावा धरतो.

कॉम्प्रेशन

स्पार्क, हवा, पेट्रोल तिन्ही बघून झालं आणि तोच सिलेंडर अजून झोपलेला असेल तर कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, बॅटरी चार्ज असू द्या आणि प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा वेळा सेल्फ मारा. निरोगी पेट्रोल इंजिनला साधारण १२ ते १४ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) येतं, पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा, सगळे साडेअकरा असतील तर गाडी सरळ चालते, दोन तेराचे आणि एक आठचा असेल तर थरथरणारच. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा, काहीच चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट.

दोष व्हॉल्व्हचा निघाला तरी लगेच हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवू देऊ नका. आधी टॅपेट तपासायला सांगा, विशेषतः गाडी एलपीजी किंवा सीएनजीवर चाललेली असेल तर, कारण व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेट टाइट होतात, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन जातं. वेळेत सेट केले तर तेवढ्यावर भागतं, तसंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट बरोबर असूनही आकडा कमीच आला तर मग हेड उतरवण्याला पर्याय नाही. तेव्हा मिस्त्रींकडनं सगळ्या सिलेंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे, कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले दोन्ही, कागदावर लिहून घ्या आणि काम झाल्यावर त्याच गेजनं तुमच्यासमोर परत मोजायला सांगा.